पारा उतरला म्हणजे हवामान थंडावले का?



मार्गशीर्ष-पौषात आपला गळीत हंगाम ऐन भरात असतो. पहाटे तोडणीच्या टोळ्या फडात शिरतात तेव्हा पाचट दवाने ओले असते आणि कोयता धरणारा हात बधिर होतो. याच दिवसांत वर्तमानपत्रात राज्यातल्या नीचांकी तापमानाची चौकट येऊ लागते. त्या चौकटीत निफाड असते, नाशिक-जळगाव असते आणि आपले अहिल्यानगरही पुष्कळदा वरच्या ओळींत असते. मग गावच्या पारावर, गट ऑफिसात, उसाच्या गाड्यांच्या रांगेत एकच विषय निघतो. "हे लोक म्हणतात पृथ्वी तापली. अन् इथं तर हाडं गोठायची वेळ आली!" कोणीतरी मोबाईलवर आलेला आलेख काढून दाखवतो. त्यात अमुक सालापासून तमुक सालापर्यंत तापमानाची रेषा चक्क खाली उतरलेली असते.

थंडी वाजली म्हणणारा खोटे बोलत नाही. आलेखातले आकडेही बहुधा खोटे नसतात. पण 'यंदा थंडी कडक पडली' हे एक वाक्य झाले आणि 'म्हणून हवामान थंड होत चालले' हे दुसरे. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायचे तर मध्ये हिशेब करावा लागतो. तो कसा करायचा, एवढेच या लेखात सांगायचे आहे. हिशेब अवघड नाही. ज्याला उताऱ्याचा तक्ता आणि वजनकाट्याची पावती वाचता येते, त्या प्रत्येक सभासदाला तो करता येईल.

तापमानाशी आपली गाठ

हा विषय शास्त्रज्ञांचा, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण उसाचे सगळे गणित तापमानावर चालते. उसाच्या वाढीला सरासरी २२ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. ते २० च्या खाली गेले की वाढ रेंगाळते. म्हणून तर कडाक्याच्या थंडीत लावलेल्या सुरू उसाची उगवण लांबते आणि त्या दिवसांत तुटलेल्या उसाचा खोडवा फुटायला वेळ घेतो. मात्र हाच गारवा तयार उसाच्या पथ्यावर पडतो. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री १० ते २० अंशांपर्यंत उतरणारा पारा, हवा कोरडी आणि पाणी तोडलेले, असे जमून आले की उसाची उंची वाढायची थांबते आणि पानांनी तयार केलेली साखर कांड्यांत साठत जाते. डिसेंबर ते फेब्रुवारीत उतारा चढतो त्याचे एक मोठे कारण हेच. उसाची एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे. सध्या १०.२५ टक्के उतारा हा पाया धरून ती ठरते. म्हणजे हिवाळ्यातल्या रात्री किती गार, याचा हिशेब शेवटी आपल्याच बिलात येतो.

ज्या सभासदांकडे उसाच्या जोडीला डाळिंब, पेरू किंवा द्राक्षे आहेत त्यांना आणखी एक कारण आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई मंडळातील हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते. तेव्हा तापमापक कुठे लावला आहे, त्याचा आकडा कसा वाचायचा, हे समजून घेण्यात आपला फायदा आहे.

आपल्याकडे थंडी पडते कशी

नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. समुद्र दूर, मध्ये सह्याद्रीची भिंत. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ स्वच्छ असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळाकडे सोडत असते. ढग असले किंवा हवा दमट असली की ती गोधडीसारखी ही उष्णता अडवून धरते. आभाळ मोकळे असले की अडवणारे कोणी नाही. त्यातच हिमालयाच्या बाजूला बर्फवृष्टी करून एखादी वादळी प्रणाली पुढे सरकली की तिच्या मागून उत्तरेचे थंड, कोरडे वारे आपल्याकडे येतात. वारा पडला की जड झालेली गार हवा उतारावरून ओघळत ओढ्याकाठच्या खोलगट रानात जमा होते. माळावरच्या वस्तीपेक्षा ओढ्याच्या मळ्यात पहाटे जास्त का काकडायला होते, याचे उत्तर हे आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थंडीची लाट ही काही दिवसांची आणि काही जिल्ह्यांची बातमी असते. हवामान म्हणजे अशा पुष्कळ दिवसांची, पुष्कळ वर्षांची सरासरी. त्यासाठी निदान तीस वर्षांची नोंद धरण्याची पद्धत आहे. भारतीय हवामान खाते सध्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी पाया म्हणून वापरते. एका रात्रीवरून हवामान ठरवणे म्हणजे उसाच्या एका मोळीवरून साऱ्या फडाचा उतारा ठरवणे.

मोजणी कुठून सुरू केली?

उताऱ्याचेच उदाहरण पुढे नेऊ. नोव्हेंबरात गळीत सुरू होते तेव्हा उतारा कमी असतो, थंडी मुरली की चढतो आणि मार्च-एप्रिलात ऊन तापले की पुन्हा उतरतो. समजा, एखाद्याने फेब्रुवारीतला सगळ्यांत चांगला दिवस निवडला, तिथून मोजायला सुरुवात केली आणि एप्रिलअखेर थांबला. त्याची रेषा सरळ खाली जाईल. "कारखान्याचा उतारा घसरत चाललाय, चौकशी झाली पाहिजे," असे तो सर्वसाधारण सभेत ठणकावून सांगेल. त्याचा एकही आकडा खोटा नसेल. लबाडी आहे ती सुरुवातीचा दिवस निवडण्यात.

तापमानाच्या बाबतीत नेमके हेच १९९८ सालापासून झाले. त्या वर्षी पॅसिफिक महासागरात एल निनो फार जोरात होता. एल निनो म्हणजे त्या महासागराच्या मध्य आणि पूर्व भागातले पृष्ठजल नेहमीपेक्षा तापणे. त्याने साऱ्या जगाच्या हवेची सरासरी वर जाते. १९९८ हे त्या काळापर्यंतच्या नोंदींतले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पुढे २००८ च्या सुमारास उलटी स्थिती आली. तिला ला निना म्हणतात. तेव्हा तेच पाणी नेहमीपेक्षा गार होते. मग १९९८ पासून २००८ पर्यंत रेषा ओढून कित्येकांनी जाहीर केले, तापमानवाढ संपली. पण हीच रेषा दोनच वर्षे आधी, १९९६ पासून ओढली, तर ती वर जाते. ज्या रेषेची दिशा सुरुवातीचे साल दोन घरे सरकवल्याबरोबर बदलते, त्या रेषेवर विसंबून कोणी कर्ज देणार नाही. आपणही निष्कर्ष काढू नये.

पुढचा भाग तर जास्तच बोलका आहे. २०२० ते २०२२ अशी सलग तीन वर्षे ला निना होता. आपल्याकडे पाऊसपाणी चांगले झाले, उसाचे क्षेत्र वाढले आणि २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे १३७ लाख टन साखर तयार झाली. गाळप जूनपर्यंत लांबले हे सभासदांच्या आठवणीत आहेच. ला निनाच्या हिशेबाने ही 'थंड' वर्षे. तरीही २०२१ ची जगाची सरासरी १९९८ च्या त्या गाजलेल्या उच्चांकाच्या वरच राहिली. आजचे थंड वर्षही त्या जुन्या उच्चांकाला मागे टाकते. चढ-उतार चालूच आहेत, पण ज्या जमिनीवर ते चालले आहेत ती जमीनच वर सरकली आहे.

काटा हलला तर?

वजनकाट्यावर आपली श्रद्धा असते आणि संशयही तेवढाच असतो. काट्याचे पासिंग झाले का, गाडी नीट उभी होती का, रिकाम्या गाडीचे वजन बरोबर धरले का, हे आपण विचारतो आणि विचारलेच पाहिजे. तापमापक हाही काटाच आहे. त्याची जागा, वेळ किंवा यंत्र बदलले तर हवेत काहीही न होता नोंद वर किंवा खाली जाते.

पहिली गोष्ट जागेची. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. हवा खेळती राहावी पण ऊन थेट पडू नये, म्हणून ही रचना. पेटी मोकळ्या जागेवर, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असते. असे असूनही जागेचा फरक पडतोच. मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझ अशा दोन वेधशाळा आहेत. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र, म्हणून हिवाळ्याच्या रात्री तिथला पारा सांताक्रूझइतका उतरत नाही. पुण्यात शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, मगरपट्टा यांचे आकडे वर्तमानपत्रात शेजारी शेजारी येतात आणि एकाच पहाटे त्यांच्यात कित्येक अंशांचे अंतर असते. आता एखाद्याने कुलाब्याच्या जुन्या आकड्यांना सांताक्रूझचे नवे आकडे जोडले, तर मुंबईच्या रात्री एकदम थंड झाल्याचे दिसेल. थंड झाली ती मुंबई नव्हे, बदलला तो काटा.

जुन्या जाणत्या लोकांनी यावर काय उपाय केला, ते आपल्याच राज्यात पाहायला मिळते. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरल्यावर कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मोजमापे बिघडतील हे स्पष्ट झाले. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी ती मोजमापे अलिबागला हलवली. पण हलवली म्हणजे इथले बंद केले आणि तिथले सुरू केले, असे नव्हे. १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. दोहोंतला फरक किती हे पक्के झाले आणि मगच जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता आली. विषय चुंबकत्वाचा असला तरी नियम तापमापकालाही तोच. नवा काटा बसवताना जुना काही दिवस शेजारी चालू ठेवावा.

दुसरी गोष्ट वेळेची. जुन्या पद्धतीच्या कमाल तापमापकात पारा चढला की वरच अडकून राहतो. निरीक्षकाने वाचून झटकला म्हणजे तो त्या वेळच्या तापमानावर येतो. आता समजा, एक निरीक्षक रोज दुपारी चारला वाचतो. सोमवारी ३८ अंश होते. त्याने लिहिले आणि झटकले. पण चार वाजताही हवा ३८ च्या जवळच आहे, म्हणून पारा तिथेच थांबला. मंगळवारी ढग आले, ३२ च्या वर तापमान गेलेच नाही. तरी मंगळवारी चारला पारा ३८ च दाखवणार. एकच तापलेली दुपार वहीत दोनदा चढली. हाच निरीक्षक पुढे सकाळी वाचू लागला की ही दुबार नोंद बंद होते, उलट गार पहाटच दोनदा चढू लागते आणि सरासरी घसरते. अमेरिकेत हजारो हौशी निरीक्षकांनी विसाव्या शतकात दुपारची वेळ सोडून सकाळची धरली. त्यामुळे तिथल्या नोंदीत नुसत्या घड्याळाने आलेली थंडी शिरली आणि शास्त्रज्ञांना ती शोधून दुरुस्त करावी लागली.

तिसरी गोष्ट यंत्राची. १९७९ पासून उपग्रहांवरूनही हवेच्या थरांचे तापमान मोजले जाते. १९९० च्या दशकात त्या आकड्यांवरून खालची हवा किंचित थंड होत असल्याचे दिसे आणि त्यावर मोठा वाद झाला. पुढे लक्षात आले, की उपग्रहाची कक्षा हळूहळू खाली येत होती आणि त्याची एखाद्या गावावरून जाण्याची वेळही सरकत होती. १९९८ मध्ये आणि नंतर २००५ मध्ये या दुरुस्त्या झाल्या आणि ती थंडी आकड्यांतून निघून गेली.

काटा दोन्ही बाजूंना हलतो हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वेधशाळेभोवती शहर वाढले, डांबर आणि सिमेंट आले, की रात्रीचा पारा उतरत नाही आणि नोंद खोटी उष्ण दिसते. तीही दुरुस्त करावीच लागते. काटामारी शेतकऱ्याच्या बाजूने झाली तरी ती काटामारीच.

पाटाच्या पाण्याचा गारवा

आतापर्यंतची थंडी कागदावरची होती. आता खऱ्या थंडाव्याकडे येऊ. आपल्या जिल्ह्याला तो चांगला ठाऊक आहे.

प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पाटाचे पाणी आले, पुढे मुळा धरण झाले आणि जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस उभा राहिला. चैत्र-वैशाखात पाथर्डी-जामखेडच्या कोरडवाहू माळावरून कोणी पाहुणा उसाच्या पट्ट्यात आला, की "इथं बरं गार वाटतं" असे म्हणतोच. हा भास नव्हे. माठातले पाणी जसे पाझरून, वाळून गार होते, तसेच भिजलेले रान आणि उसाची पाने पाण्याची वाफ करताना हवेतली उष्णता ओढून घेतात. एक लिटर बर्फासारखे थंड पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. बॉयलरवर काम करणाऱ्या आपल्या कामगारांना हे वेगळे सांगायला नको. ही उष्णता रानातल्या हवेतून जाते, म्हणून हवा गार राहते.

हेच मोठ्या प्रमाणावर उत्तर भारतात घडले आहे. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशाच्या काही भागांत दिवसाचे कमाल तापमान देशाच्या इतर भागांइतके वाढलेले नाही. काही ठिकाणी ते किंचित उतरलेलेही आढळते. त्याची दोन मोठी कारणे सांगितली जातात. एक तिथले अफाट सिंचन आणि दुसरे आकाशात साचणारा धूर-धुरळा, जो ऊन जमिनीपर्यंत पुरते पोचू देत नाही.

ही थंडी खरी आहे, पण तिच्या अटी आहेत. ती त्या पट्ट्यापुरती आहे, साऱ्या पृथ्वीची नव्हे. ती पाण्याच्या जिवावर आहे. पाटाचे आवर्तन चुकले, विहिरींनी तळ गाठला, की ती एका उन्हाळ्यात नाहीशी होते. शिवाय हवेत ओलावा वाढल्याने तापमापक दोन अंश कमी दाखवत असला तरी घाम वाळत नाही आणि तोडणी करणाऱ्या माणसाच्या शरीराला तो उकाडा जास्त जाचतो. तेव्हा आमच्याकडे उन्हाळा वाढला नाही असे म्हणताना, तो वाढू नये म्हणून किती पाणी खर्च झाले, हेही त्याच ओळीत लिहिले पाहिजे.

गंधकाच्या धुराची सावली

कधी कधी सारी पृथ्वीच खरोखर थंडावते. त्यामागचा मुख्य पदार्थ आपल्या कारखान्यांना परिचयाचा आहे. उसाचा रस स्वच्छ आणि पांढरा करण्यासाठी गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात. हाच वायू ज्वालामुखी आकाशात फेकतो. जून १९९१ मध्ये फिलिपाईन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने दीड ते दोन कोटी टन असा वायू ढगांच्याही वर उडवला. तिथे त्याचे बारीक थेंब झाले, ते जगभर पसरले आणि सूर्यप्रकाश काही प्रमाणात परतवू लागले. पुढच्या वर्ष-दीड वर्षात जगाची सरासरी जवळजवळ अर्ध्या अंशाने उतरली. त्याआधी १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा फुटला होता आणि १८१६ साली युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, पिके बुडाली. पण हे थेंब दोन-तीन वर्षांत खाली बसतात आणि पारा पुन्हा आपल्या वाटेला लागतो.

माणसानेही हाच प्रयोग नकळत केला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत कोळसा आणि तेल बेसुमार जळाले, गंधकाचा धूर आकाशात साचला आणि १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत जगाचे तापमान वाढायचे थांबले. उत्तर गोलार्धात ते थोडे उतरलेसुद्धा. समुद्रातील नैसर्गिक चढ-उतारांचीही त्याला साथ होती. त्या काळात काही नियतकालिकांनी हिमयुग येणार अशी भाकिते छापली. आजही कोणी म्हणतो, तेव्हा शास्त्रज्ञ थंडी येणार म्हणत होते, आता ऊन म्हणतात. हे खरे नाही. १९६५ ते १९७९ या काळातल्या ७१ शोधनिबंधांची २००८ मध्ये तपासणी झाली. त्यांत थंडीचे भाकीत करणारे अवघे ७ आणि तापमानवाढीचे ४४ निघाले.

पुढे त्या देशांनी धुरावर कायद्याने बंधने आणली. धुराची ही सावली उसनवारीची असते. कारखान्याच्या चिमणीचा धूर थोड्या दिवसांत पावसाने धुऊन जातो. त्याच चिमणीतून निघालेला कर्बवायू मात्र शेकडो वर्षे हवेत राहतो. १९५८ मध्ये हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. सावली विरली, गोधडी राहिली, आणि १९७० च्या दशकानंतर पारा चढत गेला.

थंडावल्याची आणखी एक खरी नोंद आहे आणि ती सगळ्यांत बोधप्रद आहे. जमिनीपासून वीस-तीस किलोमीटर उंचीवरचा हवेचा थर १९७९ पासूनच्या नोंदींत थंड होत गेलेला आढळतो. त्यात ओझोन घटल्याचाही वाटा आहे. पण कर्बवायू वाढला तर खाली ऊब आणि वर गारवा येईल, हे स्युकुरो मानाबे या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह १९६७ मध्येच गणिताने दाखवले होते. त्यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. सूर्यच जास्त तापला असता तर खालचा आणि वरचा दोन्ही थर तापले असते. घोंगडी पांघरली की अंगाला ऊब येते आणि बाहेरच्या बाजूला ती पोचत नाही, तसेच हे आहे. इथे वरच्या थराची थंडी हाच खालच्या तापण्याचा पुरावा ठरतो.

मग आपला ताळेबंद काय सांगतो?

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेला आणि केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल सांगतो, की १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. उष्ण दिवस आणि उष्ण रात्री वाढल्या, थंड रात्री घटल्या. हवामान खात्याच्या नोंदीनुसार २०२४ हे १९०१ पासूनचे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्याची सरासरी १९९१-२०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने जास्त होती. अर्धा-पाऊण अंश म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण उताऱ्यातले अर्ध्या टक्क्याचे अंतर हंगामाच्या शेवटी केवढे होते, हे सभासदांना कोणी शिकवायला नको.

थंडीच्या लाटा यापुढेही येतील. एखाद्या पौषात पारा असा उतरेल की जुन्या माणसांनाही आश्चर्य वाटेल. त्यावरून सुरूची लागण पुढे ढकलावी, रोपांना आडोसा करावा, बागेत पाणी द्यावे. ही रोजच्या हवेची कामे आहेत, ती त्या दिवसाच्या आकड्यावरच करायची. पण कोणती जात लावायची, तळे खोदायचे का, ठिबक करायचे का, हे निर्णय दहा-वीस वर्षांसाठीचे असतात. ते एका थंड आठवड्याच्या भरवशावर घेऊ नयेत.

चार प्रश्न आणि एक वही

तात्पर्य, यापुढे कोणी थंडी वाढल्याचा आलेख दाखवला तर चार प्रश्न विचारावेत. मोजणी कोणत्या सालापासून सुरू केली आणि दोन साले मागे-पुढे केली तर दिशा तीच राहते का? या काळात जागा, वेळ किंवा यंत्र बदलले का? आकडा एका गावाचा आहे, सिंचनाच्या पट्ट्याचा आहे, की साऱ्या देशाचा? आणि थंडावा खरा असेल तर तो कशाने आला व ते कारण किती दिवस टिकणारे आहे? या चार चाळण्यांतून जे खाली उरेल ते मान्य करावे, मग ते आपल्या मताचे असो वा नसो.

दुसरी विनंती नोंदवहीची. राज्यात महसूल मंडळांतून महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे बसली आहेत. त्यांचे आकडे उपयोगाचे आहेत, पण मंडळाच्या केंद्रावरचा पारा आणि आपल्या ओढ्याकाठच्या रानातला पारा एकच असेल असे नाही. प्रत्येक गावात एखाद्या सभासदाने, नाहीतर हायस्कुलाने, कमाल-किमान तापमापक लावून रोजची नोंद ठेवली तर दहा वर्षांनी ती वही गावाची मोठी ठेव होईल. तापमापक पत्र्याखाली, भिंतीला टेकून किंवा गोठ्याजवळ लावू नये. मोकळ्या हवेत, सावलीत, चार फुटांवर असावा. रोज सकाळी साडेआठला वाचावा आणि वाचला की झटकावा. वेळ चुकली तर अंदाजे आकडा लिहू नये, जागा कोरी सोडावी. तापमापक फुटला किंवा घर बांधायला जागा बदलावी लागली, तर तसे त्याच दिवशी वहीत लिहावे आणि शक्य असेल तर जुना-नवा दोन्ही काही महिने शेजारी वाचावेत.

जुन्या नोंदी शोधणाऱ्यांसाठी एक सूचना. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. त्याआधीच्या सरकारी तक्त्यांत ते अहमदनगर म्हणून शोधावे लागेल.

वहीच्या पहिल्या पानावर तापमापकाची जागा, उंची आणि वाचण्याची वेळ लिहावी. पहिला आकडा त्यानंतर.